‘४ गेज’चं तयार वायरिंग किट: दोन अँप लावणाऱ्यांनी त्यातलं काय ठेवावं, काय बाजूला काढावं

कार ऑडिओच्या दुकानात आणि ऑनलाइनही ‘४ गेज, १५०० वॉट’ किंवा ‘२००० वॉट’ असं छापलेलं पाकीट हमखास मिळतं. आत साधारण पाच मीटर लाल पॉवर वायर, जेमतेम मीटरभर काळी अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडायची) वायर, स्टिरिओबरोबर अँप चालू करणारी निळी रिमोट वायर, स्टिरिओचा सिग्नल अँपला नेणारी एक आरसीए केबल, थोडी स्पीकर वायर, काचेच्या फ्यूजचा होल्डर, वायरीच्या टोकांना बसवायचे चार-सहा लग आणि मूठभर टाय. एका लहान अँपला (अ‍ॅम्प्लिफायरला) हे चालून जातं. पण दारांतल्या स्पीकरसाठी चार चॅनेलचा अँप आणि सबवूफरसाठी वेगळा मोनो (एकाच चॅनेलचा) अँप अशी मांडणी असेल, तर हे पाकीट जसंच्या तसं गाडीत घालू नये. यातल्या निम्म्या वस्तू बदलाव्याच लागतात, आणि नेमक्या त्याच महत्त्वाच्या असतात.

सगळ्यात आधी लाल वायर. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढी वायर जाड, आणि खऱ्या ४ गेजच्या वायरीत धातूचा छेद २१ चौ. मिमी असतो. स्वस्त किटमधली वायर बाहेरून तेवढी जाड दिसते, पण रबराचं किंवा पीव्हीसीचं आवरण सोललं की आतला धातू बऱ्याचदा १० ते १३ चौ. मिमीच भरतो. आणि तोही तांब्याचा नसतो. पाकिटावर कोपऱ्यात ‘सीसीए’ लिहिलेलं असतं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. अशी तार त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे ६२ ते ६५ टक्केच वीज वाहते. म्हणजे नावाला ४ गेज असलेली ही वायर कामाला तांब्याच्या ६ ते ८ चौ. मिमीच्या बरोबरीची ठरते, फार तर ८ गेजएवढी.

दुकानात उभ्याउभ्या ओळखायचं असेल तर एक बारीक तार काढून ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. बाहेरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ते कल्हई केलेलं तांबं, ते उत्तम. खरवडू देत नसतील तर वजन बघा. पाच मीटर खऱ्या ४ गेजच्या वायरीत नुसतं तांबंच साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास असतं, वर आवरणाचं वजन वेगळं. तेवढ्याच छेदाच्या सीसीएमध्ये धातू चारशे ग्रॅमच्या आत असतो. अख्ख्या किटची किंमत जर एक किलो तांब्याच्या बाजारभावापेक्षा कमी असेल, तर आत तांबं असणं शक्यच नाही. ऑनलाइन घेताना ही कसोटी सगळ्यात सोपी, कारण वजन आणि किंमत दोन्ही तिथंच लिहिलेली असतात.

सीसीए पूर्णपणे टाकाऊ आहे असं मात्र नाही. छेद प्रामाणिक असेल आणि फ्यूज त्या मानानं लहान ठेवला तर ती चालते. तिची खरी अडचण जोडणीच्या टोकांना होते. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो, सैल जोड तापतो आणि तापला की आणखी सैल होतो. शिवाय कापलेल्या टोकाला तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही उघडे पडतात. कोकण, मुंबई, गोवा इथल्या खारट दमट हवेत तिथं पांढरी भुकटी धरायला लागते. म्हणून किनारपट्टीच्या गाड्यांत सीसीए नकोच.

आता दोन अँपना किती करंट लागतो ते मांडून बघू. पाकिटावरचे वॉट आणि अँपवरचे ‘मॅक्स’ वॉट दोन्ही विसरायचे. आरएमएस, म्हणजे सतत टिकणाऱ्या ताकदीचा आकडा घ्यायचा, आणि तो अँपची ताकद मोजण्याच्या सीटीए-२००६ मानकाप्रमाणे मोजलेला असेल तर तोच. चार चॅनेलचा क्लास एबी अँप, दर चॅनेलला ७५ वॉट, म्हणजे ३०० वॉट. पूर्ण जोरावर या जातीच्या अँपची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बॅटरीकडून ५०० वॉट खेचले जातात. १३.८ व्होल्टनं भागले की ३६ अँपिअर. मोनो अँप क्लास डी, ५०० वॉट, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ६२५ वॉट, म्हणजे ४५ अँपिअर. एकूण ८१. गाणं चालू असताना सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली राहते, पण ढोलाच्या किंवा किक ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला वायरीला हा पूर्ण भार क्षणभर सोसावा लागतो.

बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरा. ८० अँपिअरला खऱ्या २१ चौ. मिमी तांब्यात सुमारे ०.३३ व्होल्ट गळतात. तेवढ्याच छेदाच्या सीसीएत अर्धा व्होल्ट. आणि किटमधल्या १० चौ. मिमी सीसीएत जवळजवळ १.१ व्होल्ट. ही नुसती लाल वायरीची गोष्ट झाली. होल्डर, लग आणि बॉडी अर्थ धरले की अँपच्या टर्मिनलवर प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज १२ च्या खाली जातं. मग बेस दबका येतो, आवाज वाढवला की फाटतो, कधी मोनो अँप प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःहून बंद पडतो) आणि लोक सबवूफरला दोष देतात.

या किटच्या लाल-काळ्या वायरीऐवजी २५ चौ. मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात बुधवार पेठ, नाहीतर कुठल्याही औद्योगिक वसाहतीजवळचं इलेक्ट्रिकलचं दुकान. ‘पंचवीस स्क्वेअरची वेल्डिंग केबल, कॉपर’ असं म्हणायचं. शेवटचा शब्द विसरू नका, कारण आयएस ९८५७ या मानकात तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची दोन्ही केबल बसते. तांब्याची केबल बारीक तारांची असल्यामुळे गालिच्याखालून सहज वळते आणि आवरण उष्णतेला आणि तेलाला टिकतं. ८० अँपिअरला पाच मीटरमध्ये ती ०.२८ व्होल्टच गळू देते. ‘ऑक्सिजनमुक्त तांबं’ असं छापलेल्या महागड्या ऑडिओ वायरीत आणि या तांब्यात गाडीच्या लांबीला मोजण्याजोगा फरक पडत नाही. रंगाचा मात्र घोळ होऊ शकतो, म्हणून पॉवरच्या केबलच्या दोन्ही टोकांना लाल हीट श्रिंक (तापवली की आक्रसणारी नळी) चढवा.

फ्यूजच्या बाबतीत किट सगळ्यात कच्चं आहे. काचेचा एजीयू फ्यूज नुसत्या टोप्यांच्या दाबावर बसतो, त्यामुळे ५०-६० अँपिअरच्या वर त्याची टोकं तापतात आणि होल्डरचं प्लॅस्टिक पिवळं पडून वितळतं. फ्यूज शाबूत आणि होल्डर जळलेला हे दृश्य कार स्टिरिओवाल्यांना नवं नाही. बोल्टनं आवळायचा एएनएल, मिनी एएनएल किंवा मिडी जातीचा फ्यूज घ्या. नाव नसलेले स्वस्त एएनएल फ्यूज छापलेल्या आकड्याला उडतीलच असं नाही. ऑटोमोबाईलला माल पुरवणाऱ्या लिटलफ्यूजसारख्या कंपनीचा फ्यूज थोडा महाग पडतो, पण ही बचत करायची जागा नव्हे.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसलाच पाहिजे. फ्यूज अँपला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. अँपला स्वतःचे फ्यूज असतातच. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यावर आवरण घासून वायर बॉडीला टेकली, तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज डिकीत असेल तर तोपर्यंतची सगळी वायर उघडी पडली असं समजा. २५ चौ. मिमी तांब्याला १०० अँपिअरचा मुख्य फ्यूज योग्य. किटमधली बारीक सीसीए वायर वापरायची असेल तर ४० च्या वर जाऊ नका, पाकिटात आलेला फ्यूज ८० चा असला तरी.

दोन अँपसाठी किटमध्ये मुळातच एक वस्तू नसते, ती म्हणजे एका वायरीच्या दोन वायरी करणारा डिस्ट्रिब्युशन ब्लॉक. तो नाही म्हणून दोन लाल वायरी एकाच अँपच्या टर्मिनलमध्ये कोंबून पुढच्या अँपला नेण्याची पद्धत सर्रास दिसते. तसं करू नका. पहिल्या अँपचा स्क्रू दोन वायरींवर नीट बसत नाही आणि दुसऱ्या अँपचा पूर्ण करंट त्या सैल जोडातून जातो. फ्यूज असलेलाच ब्लॉक घ्या: एक जाड वायर आत, दोन बाहेर, प्रत्येकीला स्वतंत्र मिनी एएनएल. ब्लॉकपासून अँपपर्यंत १६ चौ. मिमी तांबं पुरतं, कारण अंतर हातभरच असतं आणि बहुतेक अँपच्या टर्मिनलमध्ये २५ ची केबल नीट शिरतही नाही. वायर बारीक झाली की तिथं तिच्या मापाचा फ्यूज हवाच, कारण बॅटरीजवळचा १०० चा फ्यूज या फांदीला वाचवेल असं गृहीत धरता येत नाही. चार चॅनेलला ५० आणि मोनोला ६० अँपिअर. अँपवर बसवलेल्या फ्यूजची बेरीज याहून कमी असेल तर तोच आकडा घ्या.

किटमधले सोनेरी लग पातळ पत्र्याचे असतात आणि पक्कडीनं दाबले की फाटतात. डॉवेल्ससारख्या कंपनीचे कल्हई केलेले तांब्याचे लग घ्या, २५ चौ. मिमीचे, बॅटरी क्लॅम्पच्या बोल्टप्रमाणे ६ किंवा ८ मिमी भोकाचे. क्रिम्पिंगसाठी हायड्रॉलिक टूल लागतं. ते नसेल तर ज्या दुकानातून केबल घेतली तिथंच मापानं कापून लग दाबून घ्यावेत, बहुतेक जण करून देतात. नुसतं सोल्डर भरून लग बसवू नका, जोड तापला तर सोल्डर मऊ होतं. ब्लॉकच्या आणि अँपच्या स्क्रूखाली बारीक तारा थेट न घालता त्यांना फेरूल (धातूची छोटी नळी) लावा, म्हणजे तारा तुटत नाहीत आणि भटकी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही.

अर्थ. दोन अँपच्या गाड्यांतल्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात. किटमधली अर्थची वायर कधीकधी लाल वायरीपेक्षाही बारीक असते. जेवढा करंट लाल वायरीतून आत येतो तेवढाच काळ्या वायरीतून परत जातो, म्हणून माप सारखंच हवं. दोन्ही अँपच्या १६ चौ. मिमीच्या काळ्या वायरी एका अर्थ ब्लॉकवर आणाव्यात आणि तिथून २५ ची एकच वायर, ४५ सेंटिमीटरच्या आत, बॉडीला. दोन अँपना दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ दिला तर त्या ठिकाणांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो, तो आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते.

बॉडीवरची जागा निवडताना सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. तो अपघातात जीव वाचवणारा भाग आहे, ठरावीक जोरानं आवळलेला असतो आणि त्याच्या आट्यांवर अनेकदा वीज नीट न वाहणारा थर असतो. आपोआप आटे पाडणारा पत्र्याचा स्क्रूही नको. जाड पत्र्यावर ८ मिमीचा बोल्ट, खालून नट आणि दातेरी वॉशर. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी, इंधनाची नळी आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते स्वतः बघा. एक रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत काढा, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा रंग लावून जागा बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरेल. स्टार्ट-स्टॉप असलेल्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथं अर्थ थेट टोकावर जोडू नये, बॉडीवरच द्यावा.

याच जोडीनं बॉनेटखाली तीन वायरी वाढवाव्यात: अल्टरनेटर ते बॅटरी धन, बॅटरी ऋण ते बॉडी (वरचा सेन्सर असेल तर थेट टोकावरून नव्हे, सेन्सरच्या पलीकडून) आणि इंजिन ते बॉडी. कंपनीच्या वायरी काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला २५ ची केबल टाकायची. अल्टरनेटरच्या वायरीला स्वतःचा फ्यूज द्यायचा, अल्टरनेटरच्या क्षमतेहून थोडा मोठा. हेडलाइट ठोक्याबरोबर मंद होत असतील तर आधी हा खर्च करा. काही किटबरोबर येणारा एक फॅरडचा कपॅसिटर त्याला उपाय नाही. अर्धा व्होल्ट उतरताना तो साठवलेल्या विजेतला अर्धा कूलंब देतो, म्हणजे ५० अँपिअर जेमतेम १० मिलिसेकंद.

केबल फायरवॉलमधून नेताना कंपनीचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची कडी) शोधा, पत्र्याला नवं भोक पाडलं तर त्यात ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओढू नका. बॉनेटच्या बाजूला केबलला ग्रोमेटच्या खालपर्यंत झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न जाता तिथूनच गळून पडेल. किटमधली काळी चिरलेली नळी इथं उपयोगी, ती ठेवा. टायही ठेवा.

रिमोट वायर किटमधलीच चालते, करंट नगण्य असतो. बाजारातल्या स्टिरिओची निळी-पांढरी वायर दोन अँपना थेट जोडता येते. तिसरा अँप किंवा पंखा जोडायचा असेल तर रिले (विजेनं चालणारा स्विच) लावा: त्याच्या पिन ८६ ला निळी-पांढरी, ८५ ला अर्थ, ३० ला पाच अँपिअर फ्यूजमधून बॅटरीचे १२ व्होल्ट, ८७ पासून सगळ्या अँपच्या रिमोट टर्मिनलला. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड टाका, पट्टीची बाजू ८६ कडे. तो नसेल तर रिले सुटताना उलटा झटका स्टिरिओच्या आउटपुटला बसतो. कंपनीच्या स्टिरिओला रिमोट वायर नसेल तर स्पीकर लेव्हल इनपुट आणि आपोआप चालू होण्याची सोय असलेला अँप घ्या, आणि पहिल्या अँपच्या लाइन आउटमधून दुसऱ्याला सिग्नल द्या. वॉरंटीतल्या गाडीत मूळ हारनेस (वायरींचा जुडगा) न कापता कपलरच (तयार जोड) वापरा.

किटमध्ये आरसीएची एकच जोडी असते, तुम्हाला पुढचे स्पीकर, मागचे आणि सब अशा तीन लागू शकतात. स्टिरिओला एकच आउटपुट असेल तर वाय जोडणीनं विभागून देता येतो. त्यानं सिग्नल निम्मा होत नाही, कारण अँपचा इनपुट १० किलोओहमच्या घरात असतो आणि स्टिरिओला तो भार जाणवत नाही. आरसीए गाडीच्या एका बाजूनं आणि पॉवर दुसऱ्या बाजूनं न्या. शीळ आली तर सगळं बंद करून अँपचे आरसीए एकेक करून काढा आणि पुन्हा चालू करून बघा. काढल्यावरही शीळ राहिली तर दोष अँपच्या अर्थमध्ये, गेली तर स्टिरिओकडे किंवा केबलमध्ये. गाडी चालू असताना आरसीए कधीही ओढू नका, काही स्टिरिओत आउटपुटच्या अर्थवरचा नाजूक फ्यूज त्यानं उडतो आणि मग शीळ कायमची मुक्कामाला येते.

दोन अँपचे आउटपुट सबवूफरच्या एकाच कॉइलवर कधीही जोडू नयेत, अपवाद फक्त मास्टर-स्लेव्ह (एकाच्या मागे दुसरा चालतो अशा) जोडणीची सोय देणाऱ्या अँपचा. दुहेरी कॉइलच्या सबला दोन एकसारखे अँप, एकेका कॉइलला एक, असं चालतं. पण दोघांचं गेन (अँपवरची सिग्नल वाढवण्याची पातळी) व्होल्टमीटरवर तंतोतंत सारखं हवं.

जोडणी झाली की गेन कानानं लावू नका. स्पीकर सोडवून अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ७५ वॉट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट, ५०० वॉट आणि २ ओहमला ३१.६. सबसाठी ५० हर्ट्झचा टोन, स्टिरिओ आपल्या कमाल स्वच्छ आवाजावर. चार चॅनेलसाठी १ किलोहर्ट्झ, मात्र साधे मल्टिमीटर या वारंवारतेला चुकू शकतात, ट्रू आरएमएसचा वापरा. क्रॉसओव्हर (बेस आणि बाकीचा आवाज वेगळा करणारी सीमा) दोन्ही अँपवर ८० हर्ट्झपासून सुरू करा.

आणि अर्थ चांगला आहे का ते ओहमवर तपासू नका. मल्टिमीटरच्या पिनांचाच रोध ०.२ ओहमच्या वर असतो, आपल्याला मोजायचे असतात मिलिओहम. इंजिन चालू ठेवून जोरात बेसचा टोन लावा आणि डीसी व्होल्टवर एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी अँपच्या अर्थ टर्मिनलवर ठेवा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर काम झालं. तसंच धन बाजूला ०.४ च्या आत. जास्त दिसलं तर एक पिन तशीच ठेवून दुसरी एकेका जोडावर न्या, ज्या जोडावर आकडा उडी मारतो तोच खोला. पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा.

ज्यांनी हे किट आधीच घेतलं आहे त्यांनी ते फेकू नये. १५०-२०० वॉट आरएमएसच्या एकाच क्लास डी अँपला, सीटखालच्या तयार सबवूफरला ते पुरतं. काचेचा होल्डर बदला, फ्यूज ३० अँपिअरचा टाका, अर्थची वायर फूटभर ठेवून बाकीची कापा. आणि अजून अँपच घेतले नसतील तर पाच चॅनेलचा एकच अँप बघा. ब्लॉक, दुसरा अर्थ आणि दुसऱ्या रिमोटची जोडणी, तिन्ही कामं त्यात उरत नाहीत.